बाईंचं तोंड एकच

आमच्या माळ्यावर एक खोकं आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत ते खाली येतं, सासूबाई म्हणतात, "टाका की आता ते," आणि धूळ पुसून ते परत वर जातं. आत निळ्या-पांढऱ्या चेक्सचे मास्क आहेत. लहान पोरांच्या मापाचे, डझनाडझनानं बांधलेले. परवा एक गठ्ठा सोडून बघितला. इलॅस्टिक पार मेलेलं, ओढलं की ओढलेलंच राहतंय. कापड मात्र कालच ठाणातनं कापल्यासारखं. टेरिकॉटला मरण नाही.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, फार तर शेंगाचटणी. पण शाळेचे गणवेश शिवणारं हे मोठं गाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आमचं त्यातलंच एक छोटं युनिट: आठ मशिनी, एक कटिंग मास्तर, आणि नगावर घरी काम नेणाऱ्या दहा-बारा बायका. हिशेब माझ्याकडे. गणवेशाचा हंगाम उन्हाळ्यातला. मार्चमध्ये माल तयार लागतो, एप्रिल-मेमध्ये गाड्या भरतात, जूनला पोरं घालतात. २०२० च्या मार्चच्या मध्यावर कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा आमचा सगळा पैसा हाफ शर्ट आणि पिनोफ्रॉक होऊन भिंतीला लागून उभा होता. मग सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं. उरलेल्या कापडाचे, कटपीसचे मास्क शिवायला घेतले. पुढे शाळाच मागायला लागल्या, गणवेशाला मॅचिंग मास्क द्या म्हणून. खोक्यातले ते चेक्स त्या ऑर्डरीतले. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा. लेकीच्या शाळेतल्या पालकसभेत मला जे ऐकावं लागलं, त्यातलं निम्मं खरं होतं.

गंमत अशी की मास्क शिवणाऱ्या माझ्या नवऱ्याचा मास्कवर काडीचा विश्वास नव्हता. सासरे मागावर होते. नवरा लहानपणापासून कापड उजेडात धरून बघत आलेला. एकदा त्यानं दोन पदरी मास्क खिडकीशी धरला आणि मला बोलावलं. "दिसलं? उभ्या-आडव्या धाग्यात भोकं राहणारच. दोन पदर घाल नाहीतर तीन, चाळणीवर चाळणी." मग डॉक्टरांचा निळा मास्क कात्रीनं उभा कापून तीन पदर सोडवून दाखवले. मधला पांढरा, कागदासारखा. "हा विणलेलाच नाही. प्लास्टिक वितळवून तंतू एकमेकांवर उडवल्यात. त्यात वीज भरलेली असती, बारीक कण चिकटून राहतेत. धुतला की गेली वीज." आख्खं गाव विणण्यावर पोट भरतंय आणि कामाला येतंय ते न विणलेलं कापड, याचा त्याला रागही यायचा आणि हसूही.

"मग शिवता कशाला?" मी विचारलं.

"ऑर्डर आहे म्हणून."

मी त्याच्या विरुद्ध पक्षात. २०२१ च्या मेमध्ये माझे वडील अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. ते घरी आले. त्यांच्या शेजारच्या कॉटवरचा माणूस आला नाही, आणि त्याची बायको रोज माझ्याच डब्यातली पोळी खायची. त्यानंतर कुणी नाकाखाली मास्क घेऊन बोलायला आलं की माझं पाऊल आपोआप मागं जायचं. चाळणी तर चाळणी. साफ उघड्यापेक्षा चाळणी बरी, असं माझं म्हणणं. बांगलादेशातल्या सहाशेक गावांत मोठा प्रयोग झाला होता, त्याची बातमीही मी नवऱ्याला वाचून दाखवली. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लागण थोडी कमी झाली, शेकडा अकरानं. कापडी मास्कचा फरक ठामपणे सांगण्याइतका दिसला नाही. नवरा म्हणाला, "तुझीच बातमी माझ्या बाजूची निघाली की." शिवाय तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा. पोरांचं काय, ते त्यात नव्हतंच.

पोरांबद्दल जे सांगितलं जात होतं ते मात्र जरा निरखून वाचण्यासारखं होतं. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं जून २०२१ मध्ये सूचना काढल्या होत्या. पाच वर्षं आणि त्याखालच्या पोरांना मास्क नको. बारा आणि वरच्यांना मोठ्यांसारखाच. आणि मधली, सहा ते अकरा? ती मास्क घालू शकतात, मूल नीट वापरू शकत असेल तर, आईबापांच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२० मध्ये वयाच्या याच तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. आमची लेक तेव्हा सात वर्षांची, म्हणजे बरोब्बर त्या "शकतात"मध्ये अडकलेली. सरकारी कागदात "शकतात" असं आलं की समजावं, निर्णय आपल्या गळ्यात आला.

पण आधी तो गळ्यात आला नाही, कारण शाळेनं सरसकट सक्ती केली. पहिलीपासूनचे वर्ग उघडायला राज्यानं १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी दिली, जानेवारीत पुन्हा सगळं बंद, २४ जानेवारीपासून परत परवानगी. आमची लेक फेब्रुवारीत शाळेत जायला लागली. दुसरीत होती आणि शाळेचा संडास कुठल्या बाजूला आहे हे तिला माहीत नव्हतं. संमतीपत्रावर आम्ही सह्या केल्या. दारात कपाळावर बंदूक धरून ताप बघणारे शिपाईमामा, दप्तरात एक जादा मास्क, सॅनिटायझरची बाटली. त्या दिवसांत पालकांत भांडण म्हणून नव्हतं. दुपारी फाटकापाशी उभं राहून सगळे मिळून सरकारला शिव्या घालायचो, एकदिलानं. मास्कची अदलाबदल व्हायची, त्यावर हसायचो. लेक एकदा कुणाचातरी वाघाच्या तोंडाचा मास्क घालून घरी आली. तिचा फुलांचा त्या पोराकडे गेला, तो शेवटपर्यंत मिळाला नाही.

मग गुढीपाडवा आला. २ एप्रिल २०२२. त्या दिवसापासून राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. गुढीला साखरेची माळ चढवता चढवता व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर दोन तट पडले. त्या वर्षी बुडालेला अभ्यास भरून काढायला शाळा एप्रिलअखेर चालवायच्या होत्या. सोलापूरचा एप्रिल ज्यानं काढलाय त्याला जास्त सांगायला नको. सकाळची शाळा असली तरी दहा वाजता पत्रा तापतो, पंखा गरम वारा खाली ढकलतो, आणि घामानं भिजलेलं कापड नाकाला चिकटलं की श्वास ओढावा लागतो. "आता पोरांना सोडा की," असं निम्मे पालक म्हणत होते. बाकीचे विचारत होते, "दोन वर्षं जपलं ते आता महिन्यासाठी घालवायचं?"

सभा वर्गातच भरली, पोरांच्या बाकांवर. गुडघे वर येतात, माणूस आपोआप भांडखोर होतो.

सुरुवात एका गृहस्थानं केली. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. "सरकारनं काढलाय म्हटल्यावर शाळा कोण घालायला लावणार? ज्याला घालायचा त्यानं घालावा, नाही त्यानं नाही. विषय संपला." पुष्कळ माना हलल्या. वाक्य दिसायला किती सरळ आहे. ज्याची त्याची मर्जी.

माझ्या पुढच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, मराठी जपून बोलायच्या. घरात विड्या वळतात, त्या आणि त्यांच्या सासूबाई दोघी. त्या उठल्या, बसल्या, परत उठल्या. "माझी अत्ताम्मा, म्हंजे सासू, तिला दम आहे. चाळीस वर्ष तंबाकूतच बसलीया. डाक्टर म्हणले, आता काही झालं तर झेपणार नाही तिला. खोली एकच आहे आमची. पोरगी तिच्याच कुशीत झोपतीया." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या पोरीनं घालून काय होतंय? बाजूच्यानी काढला तर?"

शर्टवाल्यांकडे याला उत्तर नव्हतं, पण ते बोलले. असे गृहस्थ बोलतातच. "मग तुम्ही ठेवा पोरीला घरी."

मला राहवलं नाही. मी उठून सांगितलं की घालू द्या सगळ्यांना अजून महिनाभर, परीक्षा होईपर्यंत. पोरांना त्रास होतो म्हणता, तर माझी लेक चार तास हूं की चूं न करता घालते. घरी आल्यावरही काढ म्हणावं लागतं तिला. सवयीचा प्रश्न आहे. मी चांगलं बोलले असं मला वाटलं.

"ताई, तुमचं काय," मागून आवाज आला, "तुमचा धंदाच आहे त्याच्यावर."

वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं. खाली बसताना गुडघा बाकाला लागला आणि ते निमित्त करून मी बराच वेळ गुडघाच चोळत बसले. खोकं तेव्हा माळ्यावर नव्हतं, युनिटच्या दाराशी होतं, आणि त्यातला माल खपला नाही तर कुणाला किती द्यायचं राहतं हे वहीत माझ्याच अक्षरात होतं.

मग एक आई बोलली, आणि मला वाटतं सभा खरी तिथे सुरू झाली. टॉवेलच्या कारखान्यात शिवणीला जाते ती. तिच्या मुलाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजव्यानंही बेताचंच. ती म्हणाली, "पोरांच्या मास्कचं मला काही नाही. घालू द्या नाहीतर नका घालू. बाईंनी काढावा. माझ्या पोराला बाईंचं तोंड दिसलं की ऐकू येतंय."

वर्गशिक्षिका कोपऱ्यात उभ्या होत्या, मास्क लावून. विडीवाल्या ताई पटकन वळल्या. "बाई सगळ्यांच्या जवळ जातेत, वह्या बघतेत. त्यांनी तर घालायलाच पायजे."

इथे ज्याची त्याची मर्जी संपली. बाईंना तोंड एकच. ते एकाच वेळी एका पोरासाठी उघडं आणि दुसरीच्या सासूसाठी झाकलेलं कसं ठेवणार? सक्ती होती तोवर दोघींचं गाऱ्हाणं सरकारशी होतं. मास्क ऐच्छिक झाला आणि दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या, दोघींची बाजू खरी, दोघींच्या डोळ्यांत पाणी. शर्टवाले मोबाईल बघत होते.

माझी नणंद टेक्सासमध्ये असते. तिथल्या गव्हर्नरनी, ग्रेग अ‍ॅबट यांनी, मे २०२१ मध्येच आदेश काढला होता की सरकारी शाळांनी मास्कची सक्तीच करायची नाही, ठरवतील ते आईबाप. त्याच देशात कॅलिफोर्नियानं शाळांत मार्च २०२२ पर्यंत सक्ती ठेवली. नणंद फोनवर सांगायची की तिकडे सभांत लोक एकमेकांच्या अंगावर जातात, पोलीस येतात, प्रकरणं कोर्टात जातात. आमच्याकडे अंगावर कुणी गेलं नाही. आमच्याकडे मोठ्या बाईंनी चहा सांगितला आणि दोन रकान्यांचा कागद काढला. "मी माझ्या पाल्यास मास्क घालणार" आणि "घालणार नाही". खूण करा, सही करा. घालणारे खिडकीकडच्या रांगेत बसतील, न घालणारे दाराकडच्या. बाईंच्या तोंडाला त्या कागदावर रकाना नव्हता.

तो प्रश्न बाईंनी स्वतःच मिटवला, त्यांना जमला तसा. मराठीच्या तासाला त्या फळ्यापाशी, पहिल्या बाकापासून चांगल्या लांब उभ्या राहायच्या, दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि तेवढ्यापुरता मास्क काढायच्या. वह्या तपासायला पोरांत आल्या की परत वर. लेकीनं पहिल्या दिवशी घरी येऊन काय सांगितलं असेल? "आई, बाईंना हनुवटीवर तीळ आहे. आणि पुढचा दात असा तिरका आहे." दोन महिने ज्या बाईंच्या हाताखाली ती शिकत होती त्यांचा अर्धा चेहरा तिनं पहिल्यांदा बघितला होता.

त्याच बाईंनी मला एक गोष्ट सांगितली जी माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरात तेलुगू, काहींच्या कन्नड. तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या पोरांना "क" आणि "ख", "प" आणि "फ" वेगळं काढायला वेळ लागतो, "खाऊ"चा "काऊ" होतो. एरवी त्या तळहात तोंडासमोर धरायला लावायच्या. "प" म्हणा, हाताला काही लागत नाही. "फ" म्हणा, वारा लागतो. मास्कमध्ये वाराच लागेना. मग त्यांनी उलटा उपाय काढला. एकमेकांच्या मास्ककडे बघा, "फ" म्हटलं की कापड हलायला पाहिजे. "फणस" म्हणताना अख्ख्या वर्गाची कापडं एकदम फुगायची, म्हणाल्या. हे ऐकून मला त्या चेक्सच्या मास्कबद्दल पहिल्यांदा माया वाटली.

नवऱ्यानं त्या सभेतला टोमणा माझ्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतला होता, हे मला उशिरा कळलं. एका रविवारी तो एकटाच युनिटला गेला आणि तोंडाच्या जागी पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेला मास्क शिवून घेऊन आला. चार वेळा उसवून शिवलेला दिसत होता, कडेला बारीक पायपिंग. "बाईंना दे. पैसे घेऊ नको, नाहीतर परत धंदा म्हणतील." मी घालून बघितला. दहा मिनिटांत आतून वाफ धरली आणि खिडकी पांढरी झाली. त्यानं आतून साबण पुसून बघितला, चष्म्याला लावतात तसा. मग वाफ धरेना पण जिभेला साबणाची चव यायला लागली. बाईंनी तो आनंदानं घेतला, दोन दिवस वापरला आणि मग फार प्रेमानं कपाटात ठेवून दिला. त्या पोराची आई मात्र भेटली की अजून विचारते, "दादा बरे आहेत का?"

आता लेकीच्या मास्कचं.

रोज संध्याकाळी मी वाडग्यात गरम पाणी घालून तिचे मास्क भिजवायची. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, परीक्षा चालू असताना, एक मास्क आतून तपकिरी दिसला. मला वाटलं नाकातनं रक्त आलं, उन्हानं येतं पोरांना. उजेडात धरला, नवऱ्यासारखा. वास घेतला. चिंच.

बाकीचे बघितले. सगळ्यांना आतून, ओठाच्या जागी, कमी-जास्त डाग. काहींना तर मीठ-तिखटाचाही रंग.

"कधीपासून?" मी विचारलं.

"लई दिवस झाले," ती म्हणाली. मास्कच्या आत चिंचेचा गोळा गालात धरला की बाईंना कळत नाही. चोखता येतो तासभर. म्हणून ती काढ म्हटलं तरी काढत नव्हती. चार तास हूं की चूं न करता.

"आणि चिंच कुठनं आणतेस?"

"मी कुठं आणते? ती आणते की." आणि तिनं खिडकीकडच्या रांगेतल्या, तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचं नाव घेतलं. विडीवाल्या ताईंची लेक. आजी घरी चिंच फोडते, त्यातला गोळा ती मिठात घोळवून कागदात बांधून आणते. "एकच असतो ना. मग थोडा वेळ ती, थोडा वेळ मी."

मी पाण्यात हात घालून तशीच बसून राहिले. आतल्या खोलीत नवरा मोबाईलवर बोलत होता. त्याला सांगितलं असतं तर तो आठ दिवस हसला असता, म्हणून त्या दिवशी सांगितलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा आकडे परत वाढत होते आणि मास्कची चर्चा परत निघाली. ग्रुपवर तेच दोन तट. मी काही लिहिलं नाही. पुस्तकांच्या दुकानात, वह्यांना कव्हर घ्यायच्या गर्दीत, विडीवाल्या ताई भेटल्या. त्यांच्या सासूबाई होत्या तशाच होत्या, मांडीवर सूप घेऊन रोजच्या रोज विड्या वळत. ताईंनी माझा हात धरला. "तुमी त्या दिवशी उभा राहिला म्हणून, ताई. नाहीतर आमचं कोण ऐकलं असतं?"

मागं आमच्या दोघींच्या पोरी मास्क हनुवटीला अडकवून काउंटरवरच्या बरण्यांकडे बघत होत्या. मी म्हटलं, "चला, कव्हरं घेऊ," आणि दुकानदाराकडे वळले.